लिफ्टच्या खड्ड्याला सूट

अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या सोसायटीत कोणी नाही. हे मी माझ्या तोंडानं म्हणत नाही, सोसायटीच्या इतिवृत्तात तसं नमूद आहे. वीसएक वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी लोकांचे अर्ज वाचत आलो. वाचता वाचता कुठल्या अर्जावर साहेबाची सही पटकन पडते आणि कुठला अर्ज फायलीत पाय पसरून झोपतो, याचा अंदाज यायला लागला. 'सबब' कुठं टाकायचं, 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा' कुठं पेरायचं आणि खरी मागणी तिसऱ्या परिच्छेदात कशी दडवायची, हे बी. कॉम.ला शिकवत नाहीत. (बी. कॉम.ला जे शिकवलं ते बँकेत कधी लागलं नाही, तो विषय निराळा.) त्यामुळे नळाला पाणी कमी आलं, गल्लीतला दिवा गेला, समोरच्या गुलमोहराची फांदी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत शिरली, की आमचे सेक्रेटरी कोरा कागद घेऊन दारात उभे. "बँकवाले, जरा चार ओळी खरडा." मी खरडतो. चहा आमचाच.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी ते असेच आले, पण या खेपेला कागद कोरा नव्हता. लिफ्ट तपासून गेलेल्या सरकारी माणसाचा शेरा होता. 'उद्वाहनाच्या खड्ड्यात पाणी आढळून आले. खड्डा कोरडा ठेवण्यात यावा व पाण्याच्या निचऱ्याची कायमस्वरूपी व्यवस्था करण्यात यावी.'

"हे उद्वाहन म्हणजे काय हो?" सेक्रेटरींनी विचारलं.

आमच्या तळमजल्यावर एक निवृत्त मामलेदार राहतात. संस्कृत आणि सरकार या दोन्ही भाषा त्यांना येतात. ते म्हणाले, "उद्वाह म्हणजे लग्न." त्यामुळे अर्धा दिवस आमच्या सोसायटीत लग्नाच्या खड्ड्याची चर्चा चालू होती आणि ती बऱ्याच जणांना मनापासून पटलीही होती. मग उलगडा झाला, की सरकारी मराठीत लिफ्टला उद्वाहन म्हणतात. १९३९ सालचा मुंबईचा लिफ्ट कायदा जाऊन २०१७ साली महाराष्ट्राचा नवा कायदा आला, त्यात उद्वाहनाच्या जोडीला सरकते जिने आणि सरकते मार्गही आहेत. आमच्याकडे सरकणारं असं काही नाही. वार्षिक सभेची तारीख तेवढी सरकते.

लिफ्टचा खड्डा म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण लिफ्टनं रोज चार वेळा जा-ये करणाऱ्यांनीही तो पाहिलेला नसतो. मीही पाहिला नव्हता. तळमजल्यावर लिफ्ट थांबते तिथं तिचं जग संपत नाही. तिच्या पायाखाली दीडएक मीटर खोल खड्डा असतो. लिफ्ट मर्यादेपलीकडे खाली आली तर तिचा धक्का झेलायला त्यात जाडजूड स्प्रिंगा उभ्या असतात. लिफ्ट बेफाम सुटली तर तिला जागच्या जागी जखडणारी जी व्यवस्था असते, तिच्या दोराला ताण देणारी कप्पी तिथंच. हद्द ओलांडली की वीज तोडणारे स्विच तिथंच. केबिनला वीज पुरवणारी लोंबती केबलही तिथवर येते. थोडक्यात म्हणजे आपला जीव वाचावा म्हणून जे जे बसवलंय त्यातलं बरंचसं या खड्ड्यात असतं, आणि तो खड्डा आम्ही वर्षातले चार महिने पाण्यानं भरून ठेवतो.

पाणी येतं कुठून? आमची इमारत ठाण्यात आहे. बांधली तेव्हा रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून आत यावं लागे. मग दर दोन-चार वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर आणि शेवटी त्यावर काँक्रीट, असा रस्ता वर चढत गेला आणि आमची एकेक पायरी गिळत गेला. आता आम्ही घरात चढत नाही, उतरतो. पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी वर येतं आणि खड्ड्याच्या भिंतींतून, तळातून पाझरतं. बिल्डरनं खड्ड्याला वॉटरप्रूफिंग केलं होतं म्हणतात. ते त्याच्या बिलात अजूनही सुस्थितीत आहे. आत आलेलं पाणी आपणहून बाहेरही जात नाही, कारण बाहेरची गटारं खड्ड्याच्या तळापेक्षा उंच. पाणी काही वर चढत नाही. वर चढायचं काम लिफ्टचं, आणि ती तर बंद!

सभा भरली. विषय क्रमांक तीन, खड्ड्यातील पाणी. पहिली सूचना दुसऱ्या मजल्यावरून आली, की त्यात गप्पी मासे सोडावेत म्हणजे डासांच्या अळ्या खाऊन टाकतील. सूचना वाईट नव्हती. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पण निचऱ्याच्या विषयावर मत्स्यपालनाचा ठराव कसा करायचा, म्हणून ती बारगळली. मग आमचा नेहमीचा प्लंबर उभा राहिला. "संडासाच्या लायनीचं चेंबर दोन फुटांवर आहे. पाइप टाकून जोडून देतो. संध्याकाळपर्यंत काम फत्ते." सगळ्यांचे चेहरे उजळले. मामलेदार तेवढे म्हणाले, "उतार कुठल्या बाजूला?" उतार चेंबरकडून खड्ड्याकडे होता. म्हणजे गटार तुडुंब भरलं की ते सगळं वाजतगाजत लिफ्टच्या खड्ड्यात येणार आणि त्याचा दर्प थेट सातव्या मजल्यापर्यंत. लिफ्टचा उभा बोगदा म्हणजे दर्पाला आयतं धुराडंच की! पाणी बाहेर नेणारा पाइप पाणी आतही आणू शकतो, हे आमच्या प्लंबरला तीस वर्षांच्या धंद्यात कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी लिफ्ट कंपनीच्या माणसानं खरा उपाय सांगितला. खड्ड्याला लागून बाहेर एक लहान हौद खणायचा, त्यात पाणी उतरवायचं, पातळी वाढली की आपोआप सुरू होणारा पंप बसवायचा, पाणी परत येऊ नये म्हणून पाइपावर एकेरी झडप आणि मग ते पावसाच्या पाण्याच्या गटारात सोडायचं. शिवाय आतून वॉटरप्रूफिंग. खर्च एक लाख चाळीस हजार. आमचे फ्लॅट अठ्ठावीस. माणशी पाच हजार.

सभेत इतकी शांतता पसरली, की वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग खजिनदार म्हणाले, "२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तरी आपली इमारत उभी राहिली की नाही?"

इमारत उभी राहिली होती हो, लिफ्ट दीड महिना बसली होती. पण हे मी बोललो नाही, कारण एवढ्यात कोणीतरी तो जादूचा शब्द उच्चारला. "सूट मागू या!"

आणि अठ्ठावीस फ्लॅटच्या माना माझ्याकडे वळल्या.

सांगायला लाज वाटते, पण तो अर्ज माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम अर्ज होता. मी 'नॅशनल बिल्डिंग कोड'ची २०१६ सालची आवृत्ती चाळली. दोन जाडजूड खंड आहेत. उशाला घेतले तर मान धरेल. त्यात लिफ्ट आठव्या भागात आणि नळ-गटारं नवव्या भागात. हे पाहून माझ्यातला कारकून आनंदानं उडालाच. मी लिहिलं, की सदर पाणी हा मूलतः नळकामाचा विषय असल्याने उद्वाहनाच्या नियमांतून सूट मिळावी, आणि खड्डा हा उद्वाहनाचा भाग असल्याने नळकामाच्या नियमांतूनही सूट मिळावी. दोन विभागांच्या मधल्या फटीतून आमचं पाणी अलगद वाहून नेलं होतं मी! पुढं कारणं दिली. एक, इमारत जुनी आहे. दोन, पाणी फक्त चार महिने असते. तीन, सदर पाण्यामुळे आजवर कोणासही इजा झालेली नाही. चार, सदर खड्ड्यात कोणीही उतरत नाही.

सौभाग्यवतीला वाचून दाखवला. तिनं भाजी निवडता निवडता ऐकला आणि म्हणाली, "अहो, म्हणजे सूट मिळाली की पाणी जाईल का?"

कॉमर्सच्या पदवीधराला असले प्रश्न विचारू नयेत.

त्याच रविवारी मेहुण्याचा फोन आला. तो अमेरिकेत व्हर्जिनियात इमारतींच्या नळकामाचे नकाशे काढतो. तिकडे लोक सर्रास सूट घेतात असं त्यानं म्हणावं आणि ते मी सौ.ला ऐकवावं, या हिशेबानं मी विषय काढला.

"घेतात की भाऊजी," तो म्हणाला. "पुस्तकातच छापलेली आहे."

"बघ!" मी स्वयंपाकघराकडे पाहून म्हणालो.

मग तो सांगत बसला. त्याच्याकडे जे प्लंबिंगचं पुस्तक चालतं त्यात असं आहे, की तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी गटारात सोडायचं तर आधी त्यातलं तेल वेगळं करणारं साधन बसवावं लागतं. लिफ्टचं तेल गळतं, पाण्याबरोबर गटारात जातं, म्हणून. यातून सूट आहे. तेल आलं की बोंब मारणारी मंजूर गजराची यंत्रणा बसवली, तर ते साधन नको. "पण त्यातही मेख आहे," मेहुणा म्हणाला. "आगीच्या वेळी बंबवाल्यांना लिफ्ट लागते, त्या वेळी पाणी उपसणारा पंप या गजरामुळे बंद पडता कामा नये. बंबाचं पाणी जिन्यावरून, लिफ्टच्या बोगद्यातून शेवटी खड्ड्यातच येतं ना! तसल्या लिफ्टमागे तासाला तीन हजार गॅलन पाणी उपसण्याची सोय मागतात आमच्याकडे." मी मनातल्या मनात लिटर केले. साडेअकरा हजारांच्या आत-बाहेर. म्हणजे दर तासाला एक पाण्याचा टँकर!

"पण भाऊजी," तो म्हणाला, "तुम्ही सुटीच्या बदल्यात काय देताय?"

"विनंती," मी म्हणालो.

फोन ठेवला, अर्जाला आवक-जावकच्या वहीतला क्रमांक दिला आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचा म्हणून पिशवीत घातला. इथं हा लेख संपला असता आणि आम्हांला सूट मिळालीही असती कदाचित. पण त्याच संध्याकाळी लिफ्ट बंद पडली.

सहाव्या मजल्यावर माई राहतात. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागतं. लिफ्ट बंद असली की त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं आणि चौघांनी चढवायचं. चौघांतला मागचा डावा पाय मी. माईंचं वजन फार नाही, पण जिन्याच्या वळणावर त्या जे डोळे मिटून घेतात ना, ते पाहवत नाही. त्या दिवशी त्यांना उतरवलं होतं सकाळी लिफ्टनं, आणि संध्याकाळी त्या परत येऊन खाली खुर्चीत बसल्या होत्या. लिफ्टवाला मुलगा आला. वय बावीस-तेवीस. गच्चीवर जाऊन त्यानं लिफ्टचा मेन स्विच काढला, खाली येऊन किल्लीनं दार उघडलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझ्या हातात बॅटरी दिली. "काका, जरा धरा."

आणि तो खड्ड्यात उतरला. बादली घेऊन.

सदर खड्ड्यात कोणीही उतरत नाही.

गुडघ्याच्या वर पाणी होतं. काळं, तेलकट. एका कोपऱ्यात स्प्रिंगेचा गंजलेला शेंडा दिसत होता. भिंतीवर खड्ड्यातला दिवा होता आणि त्याची वायर, टेप गुंडाळलेला जोड दाखवत, पाण्यापासून वीतभर अंतरावर लोंबत होती. मुलानं पहिली बादली वर दिली आणि विचारलं, "काका, या दिव्याची लाइन लिफ्टच्या मेनवर नसते. जिन्याच्या दिव्यांवर असते. तो मेन बंद केलाय ना?"

मी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमननं जिन्यातल्या दिव्याकडे पाहिलं. तो लख्ख चालू होता.

"वर ये आधी," मी म्हणालो. मला वाटतं, ओरडलोच. तो आला. हसत होता. "रोजचं आहे, काका," म्हणाला. पावसाळ्यात असे किती खड्डे उपसतोस, म्हणून मी विचारलं, तर त्यानं बोटं मोजली आणि नाद सोडून दिला. मग जिन्याचा मेन शोधण्यात पाऊण तास गेला. तो मीटरच्या खोलीत, जुन्या गणपतीच्या मखरामागे होता. पुढं अंधारात साठ-सत्तर बादल्या झाल्या. लिफ्ट सुरू झाली ती रात्री साडेनऊला. माईंना तोवर आम्ही खुर्चीतून वर नेलं होतं.

रात्री पिशवीतून अर्ज काढला आणि पुन्हा वाचला. चौथं कारण वाचवेना. मग बँकेतला माणूस म्हणून विचार करायला लागलो. म्हणजे दुसरं काही येतच नाही.

आमच्या बँकेत माणूस कर्ज मागायला येतो तेव्हा आम्ही त्याला 'नाही' म्हणत नाही. 'तारण काय?' एवढंच विचारतो. घर असेल तर घर, दागिने असतील तर दागिने, काहीच नसेल तर निदान एक जामीनदार, ज्याचा पगार आणि स्वभाव दोन्ही ठीक आहेत असा. आता सूट म्हणजे तरी काय हो? नियमाकडून काढलेलं कर्जच ते. नियम म्हणतो, इथं धोका आहे, म्हणून अमुक करा. तुम्ही म्हणता, मला अमुक जमत नाही. ठीक आहे, नसेल जमत. पण त्या धोक्याचं काय करणार, ते सांगा की! अमेरिकेतला मेहुणा साधन नको म्हणतो, पण गजर देतो. हे झालं तारण. आम्ही मात्र 'आजवर कोणी मेलं नाही' हे तारण म्हणून ठेवायला निघालो होतो. असलं तारण घेऊन कोणी माझ्या काउंटरवर आलं, तर मी त्याला पाणीसुद्धा विचारणार नाही.

आणि या कर्जाला जामीनदार कोण ठेवला होता आम्ही? तो बावीस वर्षांचा मुलगा. त्याची सही कुठंही नाही, त्याला कोणी विचारलेलं नाही. माणशी पाच हजार वाचवणारे आम्ही अठ्ठावीस कर्जदार, आणि कर्ज बुडालं तर वसुली त्याच्याकडून. बँकेत असा प्रकार केला तर खातेनिहाय चौकशी लागते. सोसायटीत केला तर आभाराचा ठराव होतो.

ऐपत नाही म्हणावं, तर आदल्याच वर्षी फाटकावर पितळी अक्षरांची कमान उभारली. दोन लाख दहा हजार. तो ठराव सात मिनिटांत मंजूर झाला होता. त्याच्या खर्चाचा अर्ज लिहिण्याचीसुद्धा वेळ आली नव्हती. कमान रस्त्यावरून दिसते. खड्डा दिसत नाही.

एक गोष्ट मात्र नियमवाल्यांच्या पदरातही घालायला हवी. रस्ता दरवर्षी वर चढवणाऱ्याला कोणी विचारत नाही, की बाबा रे, शेजारच्या इमारतींच्या पाण्याचं काय? त्याला कुठला अर्जही करावा लागत नाही. आमच्या तीन पायऱ्या गेल्या त्याची भरपाई आम्हीच करायची आणि निचऱ्याचा शेरा आम्हीच खायचा. याचा मला राग आहे आणि त्यावर मी वेगळा अर्ज केलेला आहे. तो झोपला आहे. पण तो राग त्या मुलाच्या बादलीत ओतण्यात काय मतलब?

खास सभा बोलावली. एकोणीस जण आले. मी जुना अर्ज फाडला (कार्बन कॉपी ठेवून, सवय जात नाही) आणि नवा वाचून दाखवला. कारण गंमत अशी, की सूट खरोखरच हवी होती. खड्ड्याला लागून बाहेर हौद खणायचा म्हणावं, तर तिथं इमारतीच्या खांबाचा पाया निघाला. तिथं खणलं असतं तर लिफ्टसकट आम्ही सगळेच खाली गेलो असतो. म्हणून मी मागितलं ते एवढंच, की बाहेरच्या हौदाची अट आम्हांला माफ व्हावी. आणि बदल्यात लिहून दिलं, की खड्ड्याच्या कोपऱ्यात, स्प्रिंगांपासून दूर, जाळी लावलेली लहानशी खोलगट जागा करून पंप तिथं बसवू. खड्ड्यात चार बोटं पाणी आलं की वॉचमनच्या खोलीत घंटा वाजेल. खड्ड्यातला दिवा पाण्याच्या पातळीच्या वर आणि पाणी न शिरणारा. त्याचा स्विच दाराशेजारी, हाताला लागेल असा. आणि दोन्ही मेन बंद झाल्याचं वॉचमननं वहीत लिहिल्याशिवाय कोणीही, मग बादली असो वा पाना, खाली उतरणार नाही.

"एवढं सगळं द्यायचं, तर मग सूट कसली?" खजिनदारांनी विचारलं.

"तारणावरची," मी म्हणालो.

"अहो, पण दुसऱ्या सोसायट्यांत कोणी करत नाही."

"आमच्या बँकेत बुडीत खातेदारही हेच सांगतात."

वाद दोन तास चालला. कोणी म्हणालं, लिफ्टवाल्याला मेंटेनन्सचे पैसे देतो ते उतरायचेच देतो. यावर मामलेदार, जे तळमजल्यावर राहतात आणि ज्यांनी लिफ्टचा वापर जन्मात केला नाही, ते उठून म्हणाले, "मग पुढच्या वेळी बॅटरी तुम्ही धरा." त्यानं सभा हलली. अकरा विरुद्ध सात, एक तटस्थ. तटस्थ गृहस्थ झोपले होते, पण इतिवृत्तात तसं लिहीत नाहीत.

अर्ज गेला. त्या कार्यालयातल्या माझ्यासारख्याच एका कारकुनानं तो दोनदा वाचला, चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बदल्यात काय देणार ते सांगणारे कमी येतात हो." मग साहेबांनी आणखी दोन अटी वाढवून मंजूर केला. एक अट पंपाला जोडीचा पंप ठेवण्याची होती. माणशी पाच हजारांचे साडेसहा हजार झाले. ते सगळे आत्ता माझ्या नावानं खडे फोडताहेत.

पंप चांगला चालतो. रात्री-अपरात्री पातळी वाढली की आपोआप सुरू होतो, आणि घुर्र घुर्र करत चार-पाच मिनिटांत गप्प बसतो. त्याची खोली मामलेदारांच्या बेडरूमच्या भिंतीला लागून आहे. परवा ते सकाळी सकाळी कोरा कागद घेऊन आले. रात्री दहा ते सकाळी सहा पंपाला सूट मिळावी, असा अर्ज त्यांना हवा होता.

"तारण काय देता?" मी विचारलं.

ते बराच वेळ विचार करत होते. चहा आमचाच झाला.